नळीला दोन माणसं लागतात

“एवढ्या लांब आणलं, आणि दाखवलं काय, तर चिखल!”

वाक्य ताईच्या उजव्या कानामागून आलं, अगदी हातभरावरून. पुढे चालणाऱ्या माणसाला मागचं ऐकू येत नाही अशी काही लोकांची समजूत असते. ताईने वळून पाहिलं नाही. बारा वर्षं ती या पाणथळीवर लोकांना फिरवत होती, आणि फळ्यांची वाट सुक्या काठावरून ओल्यात उतरते त्या पहिल्या वळणावर कुणीतरी हे म्हणायचंच. एखाद्या खेपेला कुणी म्हणालं नाही, तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आज कुरकुरणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाजात जरब, आणि पायात कोरे पांढरे बूट. पाणथळ बघायला पांढरे बूट घालून येणारं माणूस एकतर फार भोळं असतं, नाहीतर फार हट्टी. बाई भोळ्या दिसत नव्हत्या.

त्यांच्या मागे एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्या मागे समितीतले आणखी तिघं, आणि सगळ्यात शेवटी निळी फाईल छातीशी धरून नगरपालिकेचा अभियंता. समिती पाच नागरिकांची. काम एकच: पाणथळीच्या पूर्वेला जे सुकं मैदान आहे, ते भरून तिथे बसगाड्यांचं आगार करावं की नाही, यावर उद्या सोमवारी मत द्यायचं. पाचांनी ‘करा’ म्हटलं की भरावाचे डंपर लागणार होते. मत देण्याआधी जागा एकदा पाहून, समजून घ्यावी, असं नियमात होतं. म्हणून आजची ही फेरी.

“चिखलच आहे, डॉक्टर,” ताई पुढे बघत म्हणाली. “पण कामाचा आहे.”

मग पोस्टमास्तर खोकल्यासारखं हसले.

ताईने पिशवीतून काचेच्या दोन बाटल्या काढल्या. सकाळीच भरून आणलेल्या. एक पश्चिमेच्या नाल्याच्या तोंडाची, चहाच्या चोथ्यासारखी काळपट. दुसरी खालच्या मोरीजवळची, जिथून पाणी बाहेर पडून नदीकडे जातं. तिच्यातून पलीकडच्या माणसाचं तोंड दिसत होतं.

“हे पाणी आत येतं. हे बाहेर जातं. मधे ना पंप, ना औषध, ना कामगार. ही पाणकणसं, हा लव्हाळा आणि तुमचा हा चिखल. शहराचं खरकटं इथे थांबतं, खाली बसतं, मुळं त्याला खातात. पाऊस धो धो आला की खालच्या गल्ल्यांमध्ये शिरण्याआधी पाणी इथे येऊन अंग पसरतं. पाण्याला पसरायला जागा लागते हो. आपल्याला नाही का लागत?”

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. मोरीच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला.

“पिता येईल?”

“नको. पण खालच्या माशांची तक्रार नाही.”

“मासे कुठे दवाखान्यात येतात,” डॉक्टर म्हणाल्या, पण बाटली त्यांनी परत दिली नाही. हातात धरूनच पुढे चालू लागल्या. बूट घोट्यापर्यंत करडे झाले होते आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी मान पुढे-मागे करत गेली, उशीर झालेल्या कारकुनासारखी. सगळे थांबले. अभियंतासुद्धा. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला आगार करायचं होतं, कारण शहरात खरोखरच बसगाड्या उभ्या करायला जागा नव्हती. तो स्वतः रोज तासभर थांब्यावर ताटकळत असे. एखादा खलनायक असता तर ताईचं काम सोपं झालं असतं.

वाटेच्या टोकाला पूर्वेचं मैदान लागलं. वाळकं गवत, भेगा, मधेच एखादं काटेरी झुडूप. ताईने फावड्याने थोडं खणलं. खालून काळी, मऊ माती आली आणि तिच्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे, गोगलगायींची घरं, पाणकणसांच्या कुजक्या मुळ्या.

“इथे पाणी होतं,” ती म्हणाली.

“कधी?” अभियंत्याने नम्रपणे विचारलं. “प्रश्न तेवढाच आहे, ताई. शंभर वर्षांपूर्वी असेल. आपल्याकडे चाळीस वर्षांच्या वह्या आहेत. पातळी चाळीस वर्षं जागची हललेली नाही. उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर, पण वर्षाच्या शेवटी होती तेवढीच. आज या पातळीला इथे पाणी नाही. म्हणजे चाळीस वर्षांत कधीच नव्हतं. मग ही पाणथळ कशी? हे मैदान आहे.” त्याने समितीकडे पाहिलं. “आणि वह्या मी लिहिलेल्या नाहीत. ताईंच्या वडिलांनी लिहिल्यात. त्यांच्यासारखा चोख माणूस या शहरात दुसरा नाही, हे मी सांगायला नको.”

ताईने खणलेली माती परत खड्ड्यात लोटली आणि पायाने दाबली. फार वेळ दाबत राहिली.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आयुष्यात एक तासही शिकवलं नव्हतं. पण काठावर कुणी पिशवी टाकली की ते त्याला पन्नास पावलांवरून परत बोलवत आणि उचलायला लावत, त्यावरून पडलेलं नाव. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रोज सकाळी सातला काठावर उभं राहून पाण्यातल्या खांबाची पट्टी वाचली आणि आकडा वहीत मांडला. ताप असो, घरात पाहुणे असोत. ताईचा जन्म झाला त्या दिवशीही आधी आकडा आणि मग दवाखाना; आई ही गोष्ट अजून सांगायची, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या रागाने. ते निवृत्त झाल्यावर ते काम ताईकडे आलं. तिच्या बारा वह्या, त्यांच्या अठ्ठावीस. आता त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे गुडघे गेले होते. पण रविवारी ते रिक्षाने येत आणि काठावरच्या खुणेच्या दगडाशेजारी खुर्ची टाकून बसत. आजही बसले होते. फेरी परत फिरली तेव्हा लांबून त्यांची पांढरी टोपी दिसत होती.

खुणेचा दगड म्हणजे काठावर खोल पुरलेला, खडकाला टेकलेला एक चौकोनी दगड. त्यावर छिन्नीने मारलेली एक आडवी रेघ. खांब पाण्यात रोवला तेव्हा त्याच्या माथ्याजवळची लाल पट्टी या रेघेच्या बरोबर पातळीत आणली होती. दगड हलत नाही. खांब गाळात उभा. तो हलू शकतो. म्हणून नियम असा की वर्षातून एकदा खांब दगडाशी ताडून बघायचा. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, पाण्याने भरायची, एक टोक दगडाला लावायचं, दुसरं खांबाला. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. ते कुणाच्या वशिल्याला बधत नाही. खूण जुळली की वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं: ‘खांब दगडाशी ताडून पाहिला. बरोबर.’ आणि खाली सही.

ताईने ते वाक्य दहा वर्षं लिहिलं. मास्तरांच्या वहीत बघून, त्याच वळणाच्या अक्षरात, एकदाही नळी न लावता. मास्तरांनी बघितलेल्या गोष्टीत पुन्हा काय बघायचं, असं तिला वाटत होतं. घरच्या मोठ्या माणसाच्या सहीखाली सही करताना कुणी शाई तपासत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा नवरा जेवणाचा डबा घेऊन आला. तो फरशा बसवायचं काम करतो. खांद्यावर नळीचं वेटोळं होतं. बसल्या बसल्या सहज म्हणाला, “चल, तुझ्या बाबांचा खांब बघू. एवढं नाव आहे त्याचं.” त्याने दगडाला टोक लावलं, ती पाण्यात उतरली. नवरा काठावरून म्हणत होता, “वर घे. अजून वर. अगं वर घे की, झोपलीस का?” शेवटी तो “आलं” म्हणाला, तेव्हा तिच्या हातातल्या नळीतलं पाणी लाल पट्टीच्या वर एक वीत आणि चार बोटं उभं होतं. खांबाचा माथा त्याच्या खाली राहिला होता.

त्यांनी नळी झटकली, बुडबुडे काढले, पुन्हा लावली. तेवढंच. तिसऱ्यांदा. तेवढंच. फरशीच्या कामात सुताएवढा फरक काढणारा माणूस, पण त्या दिवशी तो बायकोकडे न बघता नळी गुंडाळत राहिला.

कोडं अवघड नव्हतं. भोवती इमारती उठल्या, त्यांचे पंप बारा महिने जमिनीतून पाणी ओढू लागले. पाणथळीचं पाणी उतरत गेलं. पाणी उतरलं तसा खालचा गाळ सुकून दबला, आणि गाळ दबला तसा त्यात उभा असलेला खांबही त्याच्याबरोबर खाली गेला. पाणी खाली, पट्टी खाली, आणि आकडा तोच. नावेत बसलेल्या माणसाने नावेला विचारावं, मी किती खाली गेलो?

त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावर आई-बाबांकडे जेवताना मास्तर एवढंच म्हणाले, “दारात नळी वाळत घातलेली दिसली.”

“हो,” नवरा म्हणाला. “कामावर लागली होती.”

“ओली होती.”

“पाण्याचीच असते ना बाबा ती.”

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. आणि आई ताटाकडे बघत म्हणाली, “बुडबुडा असेल.”

हे त्यांच्या घरातलं खास वाक्य. दूध नासलं, बुडबुडा असेल. थोरल्या मावशीचा फोन आला नाही, बुडबुडा असेल. ताईला नोकरीच्या परीक्षेत कमी गुण पडले तेव्हाही आईने हेच म्हटलं होतं. जे बोलायचं नाही त्यावर टाकायचं हे झाकण. कुठून आलं, ताईने कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र घास तिच्या हातातच राहिला. बुडबुडा नळीत असतो. आईला नळी कशी ठाऊक?

तिने विचारलं नाही. त्यानंतरच्या दोन वह्यांत तिने पहिल्या पानावरचं ते वाक्य लिहिलं नाही, एवढंच. जागा कोरी ठेवली. झाकली मूठ झाकलेलीच बरी. वह्या कपाटात जातात, वाचतो कोण?

काल मात्र समिती येणार म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात आईजवळ बराच वेळ घुटमळली. आई कांदा चिरत होती.

“आई, आता ते बाबांच्या वह्यांवर बोट ठेवून मैदान भरून टाकतील.”

“भरू देत. आपलं काय जातं?”

“आई.”

आईने सुरी थांबवली नाही. “चाळीस वर्षं लोक त्यांना मास्तर म्हणतात. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. गुडघे गेले, कान निम्मे गेले. एवढं एक उरलंय माणसाचं. तू ते काढून घेणार आहेस का?” मग डोळे पुसत म्हणाली, “कांदा फार झोंबतो मेला.”

कांदा केव्हाच चिरून झाला होता.

आता समिती नोंदींच्या खोलीत शिरली. एक खिडकी, एक टेबल, आणि काचेच्या कपाटात चाळीस वह्या, कापडी बांधणीच्या. कपाटावर पितळी पाटी: मास्तरांचं काम, मास्तरांची वर्षं. पोस्टमास्तरांनी पाटी मोठ्याने वाचली आणि “वा,” म्हणाले. आयुष्यभर शिक्के मारलेल्या माणसाचं ते मनापासूनचं वा होतं.

डॉक्टरांना काचेतून बघणं पटत नव्हतं. “उघडा की. बंद तोंडाचं मी काय बघू?”

ताईने कपाट उघडलं. डॉक्टर एकेक वहीचं पहिलं पान उलटत गेल्या, दाढा मोजाव्यात तशा, बोटाने टकटक करत.

“इथे दोन सह्या आहेत. इथेही दोन. अठरा वर्षं दोन.” पुढची वही. “इथून एकच.”

“तेव्हा सहायकाची जागा बंद झाली,” अभियंता म्हणाला. “खर्चकपात.”

“बरं. आणि ही काय भानगड? शेवटच्या दोन वह्यांत ही ओळच नाही. अक्षर तुमचं ना?”

“माझं,” ताई म्हणाली.

“विसरलात?”

पोस्टमास्तर म्हणाले, “राहून जातं हो कधी. एखादं पत्र आमच्याकडेही राहून जायचं.”

“तुमच्याकडे राहिलेलं पत्र मला अजून मिळायचंय,” डॉक्टर म्हणाल्या, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी वही मिटली. “चला. तो खांब दाखवा.”

सगळे काठावर आले. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते, हात काठीवर. समितीने त्यांना नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. अभियंत्याने जरा मोठ्याने, कानाशी वाकून सांगितलं, “मास्तर, तुमच्याच वह्यांवर सगळं चाललंय.” मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे.

खांब काठापासून दहा-बारा पावलांवर उभा होता. काळसर लाकूड, पांढरे आकडे, माथ्याजवळ लाल पट्टी. दिसायला अगदी सरळ, अगदी प्रामाणिक.

डॉक्टर डोळे बारीक करून बघत राहिल्या.

“एक सांगू?” त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. “कधी कधी एखादा दात खाली जातो. किडलेला नसतो, हलत नाही, दुखत नाही. हाडाला धरून, हिरडीसकट खाली जातो. नुसतं त्या दाताकडे बघून जन्मात कळत नाही. शेजारच्या दाताशी ताडून बघावं लागतं.” त्या ताईकडे वळल्या. “याच्या शेजारी कोण आहे?”

ताईच्या पायाखालची फळी करकरली. तिला वाटलं, आता नुसतं बोट दाखवायचं. हा दगड, डॉक्टर. नाहीतर म्हणायचं, वह्यांत सगळं बरोबर आहे. दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती. पहिल्या वाक्याने मैदान वाचलं असतं आणि खुर्चीतला माणूस बुडाला असता. दुसऱ्याने उलट. आणि तिसरं काही तिला सुचेना.

ती खोलीत गेली. टेबलाखालून नळीचं वेटोळं काढलं, नवऱ्याकडून काल रात्री मागून आणलेलं. आणलं तेव्हा लावायचं ठरलं नव्हतं. लावायचं नाही असंही ठरलं नव्हतं. बादलीतून तिने नळी भरली, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतंय का पाहिलं, नखाने टिचक्या मारून बुडबुडे काढले. रबरी बूट चढवले.

“हा दगड,” ती बाहेर येऊन म्हणाली. “वर्षातून एकदा खांब याच्याशी ताडतात. पण नळीला दोन माणसं लागतात. एक तिथे, एक इथे.”

“मी धरतो,” पोस्टमास्तर पुढे झाले.

“द्या इकडे,” अभियंताही म्हणाला.

पण मास्तरांनी हात पुढे केला होता.

ताईला वाटलं, नको. तिने नळी मागेही घेतली असेल थोडी. पण तो हात तसाच राहिला, शिरा वर आलेला. लहानपणी याच हाताने तिला पहिल्यांदा पट्टी वाचायला शिकवलं होतं. तिने टोक त्यांच्या हातात दिलं.

ते खुर्चीतून उठले. काठी डॉक्टरांनी धरली. ते दगडाशेजारी एक गुडघा टेकून बसले. गुडघ्याचा कटकन आवाज सगळ्यांना ऐकू आला. नळीचं टोक त्यांनी रेघेला लावलं आणि अंगठा वर ठेवला, जुन्या सवयीने.

ताई पाण्यात उतरली. गार पाणी बुटांवरून मांड्यांपर्यंत आलं, गाळ पायांना धरू लागला. खांबाशी पोचून तिने आपलं टोक लाल पट्टीला लावलं आणि वळून पाहिलं. तिच्यात आणि बाबांच्यात ती नळी पाण्यावरून लोंबत होती, उन्हात चमकत.

“अंगठा काढा, बाबा.”

त्यांनी काढला. नळीतलं पाणी हललं, डोललं, स्थिर झालं.

“आलं का?”

मास्तर वाकून बघत होते. रेघ पार वर होती. पाणी खाली. हे त्यांना दिसत होतं. शेजारी उभ्या डॉक्टरांनाही दिसत असणार. पण नळीचा रिवाज असा की पलीकडच्याने सांगितल्याशिवाय टोक हलवायचं नाही. ताई थांबली. एक बगळा दोघांच्या मधून उडत गेला. तिला वाटलं, बाबा आता ‘आलं’ म्हणतील. म्हणाले तर ती तशीच बाहेर येईल, नळी गुंडाळेल, आणि जन्मभर कुणाला काही विचारणार नाही. हे तिने त्या क्षणी ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला रडू आलं.

“वर घे,” मास्तर म्हणाले.

तिने टोक दोन बोटं वर सरकवलं.

“अजून.”

आता ते खांबाच्या माथ्याशी आलं.

“अजून वर घे, पोरी.”

खांब संपला. ताईने टोक खांबाच्या वर, रिकाम्या हवेत धरलं. समितीतलं कुणीतरी कुजबुजलं.

“अजून.”

हात वर, आणखी वर. नवऱ्याबरोबर धरला होता त्यापेक्षाही वर. दोन वर्षांत खांब अजून खाली गेला होता.

“थांब,” मास्तर म्हणाले. “आलं.”

लाल पट्टीच्या वर दीड वीत, जिथे काहीच नव्हतं तिथे, नळीतलं पाणी शांत उभं होतं. चाळीस वर्षांपूर्वी लाल पट्टी तिथे होती.

डॉक्टर पाण्याकडे बघत होत्या, पोस्टमास्तर आपल्या चपलांकडे. शेवटी अभियंताच पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज मऊ होता. त्याला खरोखरच म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचं होतं.

“उठा, मास्तर. एवढं काही नाही. नळीत बुडबुडा राहिला असेल.”

ताईने डोळे मिटले. हात तिने खाली केला नाही.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी नळीचं टोक रेघेवरून हलू दिलं नाही, आणि मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पन्नास पावलांवरून माणसाला परत बोलवायच्या त्या जुन्या आवाजात ते म्हणाले:

“बुडबुडा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं होतं. हिच्या आईने पलीकडचं टोक धरलं होतं, तेव्हा चार बोटं फरक आला. मी म्हटलं बुडबुडा असेल, आणि वहीत लिहिलं बरोबर. मग दर वर्षी लिहिलं. खांब खाली गेलाय. पाणी गेलंय. त्या मैदानात पाणी होतं, गुडघाभर पाणी होतं, आणि मला माहीत होतं.”